शैला, दादा खाली आले

शैला, आधी हे ऐक. सगळे खाली उतरले. सात मजले, झाडून सगळी घरं, आणि तुझे यजमान, आपले दादासुद्धा. कुणी जिन्यात पडलं नाही, कुणाला चक्कर आली नाही, कुणी मागे राहिलं नाही. माझा जीव आत्ता कुठे भांड्यात पडलाय. घरी येऊन पंख्याखाली टेकले आणि हे पहिलं कुणाला सांगू असं झालं, तर तूच आठवलीस. तू असतीस तर मला पुढे बोलूच दिलं नसतंस. "स्वतः पाहिलंस, की कुणी सांगितलं?" असं आधी विचारलं असतंस. स्वतः पाहिलं, बाई. या डोळ्यांनी पाहिलं.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉलमध्ये एकेक जण उठून बोलत होता. शैलाताई किती शांत, किती समजूतदार, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते, आणि मला वाटायला लागलं की मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला येऊन बसलेय. तू आणि शांत? कमिटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून चहा सांडणारी तू. सोसायटीची सेक्रेटरी मी, पण मुलुंडात मला कुणी गप्प केलं असेल तर ते तूच. मलाही बोलायला उठवलं त्या दिवशी. काहीतरी चार शब्द बोलले आणि बसले. मला तुझे गुण गायचेच नव्हते. मला आपलं भांडण पुरं करायचं होतं, आणि ते अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस. हे बरोबर केलं नाहीस.

भांडण सुरू झालं त्या मीटर रूमच्या धुरावरून. वॉचमनने मला सांगितलं, मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की मीटर रूममध्ये धूर आहे, ताबडतोब खाली या. उत्तरं अशी धडाधड आली की मी खूश. अंगठे, जोडलेले हात, ओके, थँक्यू विजूताई. एकाने तर त्यातच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक पाठवला. मी म्हटलं झकास, पोचलं सगळ्यांना. खाली जाऊन बघते तर मी, वॉचमन आणि पार्किंगमधलं मांजर. बाकी बिल्डिंग आपापल्या घरात अंगठे दाखवून निवांत बसलेली.

वायर जळली होती, इलेक्ट्रिशियनने मेन स्विच पाडला, निभावलं. पण संध्याकाळच्या मीटिंगला तू आलीस ती फोन नाचवतच. सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "एवढे अंगठे आले, विजे. माणसं कुठे आली?"

झोंबलं मला ते. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. मी म्हटलं, मग काय करायचं ते तूच सांग, बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं. आणि बाई, तू खरंच सांगायला बसलीस.

तुझं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायचे. तिथली रीत अशी, की समोरच्याने नंबर सांगितला की आपण तो परत म्हणून दाखवायचा आणि मगच जोडायचा. निवृत्त झालीस, बोर्ड भंगारात गेला, पण ती रीत काही तुझ्या अंगातून गेली नाही. भाजीवाल्याला अर्धा किलो दोडकी सांगितली तरी त्याच्या तोंडून वदवून घ्यायचीस. तुझं म्हणणं असं, की सांगून सांगणाऱ्याचं काम संपत नाही. ऐकणाऱ्याने आपल्या तोंडाने परत सांगितलं म्हणजे पोचलं. मान हलवली, हो हो केलं, अंगठा दाखवला, हे तुझ्या हिशेबी काहीच नाही. मला ते फार पोरकट वाटायचं. मला हवे होते स्पीकर, मजल्यामजल्यावर, आणि गेटच्या केबिनमध्ये एक माइक. बटण दाबलं की सगळ्या बिल्डिंगला एकदम ऐकू जाणार.

त्यावर तू म्हणालीस, भोंग्याला तोंड असतं, कान नसतात.

शेवटी दोन्ही झालं. माझा माइक बसला, आणि त्यावर मुख्यतः "कृपया आपली गाडी हलवा" आणि गणपतीतली आरतीची वेळ एवढंच बोललं गेलं, हे तू मला दर महिन्याला ऐकवलंस. आणि तुझी माणसांची साखळी पण झाली. प्रत्येक मजल्यावर दोन माणसं, आणि तीही दुपारी घरी असणारी. मी आपली कमिटीतली नावं पुढे करत होते, तर तू मला वेड्यात काढलंस. हे सगळे दिवसा ऑफिसात बसून फोनवर उंटावरून शेळ्या हाकणार, घरात असतात त्या बायका, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं. ज्यांना उतरवायचंय त्यांच्यातूनच उतरवणारे शोध, असं तुझं म्हणणं. ते मात्र मला तेव्हाही पटलं होतं. फक्त तोंडाने कबूल केलं नाही.

पहिली प्रॅक्टिस आठवते ना? तू सातव्या मजल्यावरून निरोप सोडलास, गॅसचा वास येतोय, लिफ्ट वापरू नका, जिन्याने मागच्या गेटने बाहेर पडा. तो एका मजल्याने दुसऱ्याला सांगत सांगत खाली यायचा होता आणि मी तळाला उभी होते. बराच वेळ काही येईना. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनी शांतपणे उतरून आल्या आणि म्हणाल्या, गॅसवाले आलेत मीटर बघायला, मागच्या गेटने येतायत, तेव्हा सगळ्यांनी घरीच थांबा. मी पायरीवर बसून पोट धरून हसले. तू वरून धापा टाकत आलीस, ऐकलंस, आणि हसली नाहीस. तुझा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे खेळ खेळत होतो आणि तू नाही.

त्यानंतर तुझं ते "आता तू सांग" सुरू झालं. ज्याला सांगितलं त्याने तिथल्या तिथे, आपल्या शब्दांत परत सांगायचं, त्याशिवाय पुढे जायचं नाही. अख्ख्या बिल्डिंगच्या डोक्याला ताप. पोरं तुझ्या मागे "आता-तू-सांग आजी" म्हणून ओरडायची. तिसऱ्या मजल्यावरच्या शाहभाईंनी तर मीटिंगमध्ये विचारलं की शैलाबेन, आम्ही काय बालवाडीत बसलोय काय. तू म्हणालीस, बालवाडीतली मुलं बरं सांगतात, तुम्ही सांगून दाखवा.

आणि नेमके तेच चुकले. गॅसचा वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, चालू असेल ते चालू राहू दे, बंद असेल ते बंद, बटण वरखाली करताना ठिणगी उडते, असं तू स्वच्छ शब्दांत सांगितलं होतंस. शाहभाई छातीवर हात ठेवून म्हणाले, हो, कळलं, सगळी बटणं बंद करून खाली यायचं. पुढच्याला विचारलं तर तोही तेच म्हणाला. माझ्या शेजारची, तिची सासू, सगळे तेच. कारण आपल्याकडे घराबाहेर पडताना दिवा-पंखा बंद करायचा हे आयांनी धपाटे घालून शिकवलेलं असतं. तू काहीही सांग, डोक्यात तेच उतरणार. नुसतं सांगून सोडलं असतं, तर अख्खी बिल्डिंग मोठ्या जबाबदारीने एकेक बटण खाली करत उतरली असती. त्या दिवसापासून मी तुझ्या त्या परत बोलण्याला हसणं बंद केलं. फाजील वाटायचं ते वाटायचंच, पण हसणं बंद केलं.

हे सगळं तू कुणासाठी करतेयस ते मला माहीत होतं, आणि तुलाही माहीत होतं की मला माहीत आहे. झटका आल्यापासून दादांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. हो, नको, चहा आणि शैला, एवढेच शब्द राहिले. बाकी तू समोर बसून रोज थोडं थोडं म्हणवून घ्यायचीस, तुझ्या मागून म्हणायचे तेही, पण आपणहून यायचे ते हे चारच. चौथा मजला. लिफ्ट बंद पडली की दादा अडकले. मी तुझ्या किती मागे लागले होते की तळमजल्यावर या, ते लोक घर बदलून घ्यायला तयार आहेत. तुझं एकच, त्याला खिडकीतून डोंगर दिसतो, खालून काय दिसेल, गाड्यांची चाकं. मी म्हटलं डोंगर बघायला आधी माणूस जिवंत लागतो. त्यावर तू माझ्याशी बोलणं टाकलंस. आणि मग वॉचमनच्या हातून सुकटाची चटणी पाठवलीस, म्हणजे मी समजायचं ते समजले. पण मुद्दा सोडला नाहीस, आणि मीही सोडलेला नाही. अजूनही माझं म्हणणं तेच आहे.

मग तू खुर्चीचा घाट घातलास. हातांची लाकडी खुर्ची, छातीशी जुनी चादर बांधायची, दोघांनी पुढून धरायचं, दोघांनी मागून. सरावाला मला बसवलंस. मी खुर्चीत देवीसारखी, चादरीने बांधलेली, आणि तुझी शेजारची रेश्मा, शाहभाई, वॉचमन आणि तू मला चौथ्यावरून खाली आणताय. प्रत्येक वळणावर मी किंचाळत होते. तळाला पोचल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणालीस की तुला उतरवलं म्हणजे दादा कापूस आहेत. सगळे हसले. मी पण.

वर जाताना तू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबलीस. रेश्मा आणि शाहभाई पुढे गेले होते. म्हणालीस, "मी घरी असले तर प्रश्न नाही. मी नसले तर, विजे?"

मी म्हटलं, कुठे जाणारेस तू, भाजी आणायलाच ना?

"भाजी आणायला म्हण," म्हणालीस आणि जिना चढायला लागलीस. मी पुढे काही विचारलं नाही. तुला दम लागत होता, मी म्हटलं सावकाश चढ. तुझ्या मनात काय होतं ते मला कळलं होतं गं. सगळ्या बिल्डिंगला वाटायचं की आधी दादा जाणार, मग शैला एकटी राहणार. तू एकटीच उलटं धरून चालली होतीस.

आणि झालंही तसंच. सकाळी दादांना चहा पाजलास, कप विसळलास आणि ओट्यापाशीच कोसळलीस. दादा आतून हाका मारत राहिले. ती हाक ऐकून रेश्मा तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत आली. डॉक्टर म्हणाले की तुला काही कळलंही नसेल. त्याचं एक बरं वाटतं. राग पण येतो, पण बरं वाटतं.

रोहन पुण्याहून आला. गुणी आहे तुझा मुलगा. दादांच्या समोर बसून, त्यांचा हात धरून त्याने सांगितलं की आई गेली. दादांनी मान हलवली. नातेवाईक डोळे पुसत म्हणाले, कळलं त्यांना. मी कोपऱ्यात उभी होते. मान तर ते कशालाही हलवतात. पाऊस येईल असं म्हटलं तरी हलवतात, क्रिकेटचं सांगितलं तरी हलवतात. त्यानंतर मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचे, आणि रोज संध्याकाळी दादा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, शैला. ओरडून नाही. तू चहा घेऊन येतेयस अशा थाटात. दिवसभराला ठेवलेली बाई चहा आणायची, ते प्यायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा, शैला.

कुणाची छाती झाली नाही गं त्यांना पुन्हा सांगायची. सांगून वर विचारायचं, की आता तुम्ही सांगा? कुणी विचारायचं हे? माझी तर नाहीच नाही. ते काम तुझं होतं. तुझी बातमी त्यांच्यापर्यंत पोचवायला तूच हवी होतीस, आणि तू काही आता येणार नव्हतीस. रोहन महिनाअखेर त्यांना पुण्याला नेणार आहे. मी म्हटलं, तोपर्यंत असंच चालू दे. त्यांना वाटू दे तू आत आहेस.

तर आज दुपारी. गेटसमोरचा रस्ता किती दिवस खणून ठेवलाय ते तुला माहीतच आहे. जेसीबीवाल्याने कसला तरी खड्डा खणता खणता गॅसची लाइन फोडली. शिरा पडो त्याच्या तोंडार, असं माझी आजी म्हणाली असती, आणि मी आज म्हटलं, मोठ्याने म्हटलं. फुस्स असा आवाज आणि तो वास, अख्ख्या गल्लीत. वॉचमन पांडे दुसऱ्या मजल्यावर माझ्याकडे धावत आला. बेल वाजवली नाही, शैला. हाताने दार बडवलं. तिथेच मला तुझी आठवण झाली.

आणि पहिला विचार कसला आला सांगू? माइक. माझा माइक, गेटच्या केबिनमध्ये, फुटलेल्या पाइपाच्या नाकासमोर. त्याचं बटण दाबायचं म्हणजे सगळ्यांची वाट लागली. हस आता, हस. पण मी हरलेले नाही. आगीला माइकच लागेल, गॅसला साखळी. हा मुद्दा माझ्या बाजूने लिहून ठेव.

पांडेला मी सगळं सांगितलं. बटणाला हात नको, बेल नको, लिफ्ट नको, मोबाइल इथे नको, जिन्याने मागच्या गेटने बाहेर. आणि म्हटलं, अब तू बोल. त्याने सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. तो खालच्या मजल्यांना सांगून, लांब जाऊन गॅस कंपनीला आणि अग्निशमन दलाला फोन करायला गेला. मी वर सुटले. आणि मग जिन्यात ते सुरू झालं. आधी दारावर थाप, मग बोलणं, मग "आता तुम्ही सांगा", मग पुन्हा बोलणं, मग वरच्या मजल्यावर थाप. ते असं वर वर चढत गेलं. कुणी किंचाळत नव्हतं. एकमेकींना पाढे म्हणायला लावताहेत असं वाटत होतं, आणि मला घाम फुटलेला असून बरं वाटत होतं.

तिसऱ्यावर शाहभाईंनी दार उघडलं. मी सांगितलं. ते म्हणाले, हां हां, समजलं, फक्त सगळी बटणं बंद करून आलोच. बोलता बोलता त्यांचा हात पंख्याच्या बटणाशी पोचला होता. मी म्हटलं, शाहभाई, काय म्हणालात, परत सांगा. ते तिथेच थांबले. हात तसाच हवेत. मग हळूच मागे घेतला, पँटच्या खिशात घातला आणि मला नीट सांगितलं, चालू ते चालू, बंद ते बंद. पंखा फिरता ठेवून आम्ही दोघं चौथ्यावर धावलो.

चौथ्यावर जे झालं ते मग सांगते. आधी खालचं सांगते, कारण तुझा जीव खाली अडकला असेल.

मागच्या गल्लीत बदामाच्या झाडाखाली दादांची खुर्ची टेकवली; फोन करून परतलेला पांडे जिन्यातच चौथा हात द्यायला आला होता. वासाच्या पार उलट दिशेला. प्रत्येक मजल्याची बाई येऊन मला सांगत होती की आमचे सगळे आले, आणि मी तुझ्यासारखी प्रत्येकीला विचारत होते, स्वतः पाहिलंत का. सातव्या मजल्यावरच्या नाईक काकू कुकर हातात घेऊनच उतरल्या. गॅसचं बटण फिरवून बंद केलं, पण दोन शिट्ट्या झालेली डाळ मागे सोडवेना म्हणे. नंतर ती डाळ गल्लीत कुणाच्या तरी पावाबरोबर संपली पण. अग्निशमनवाले आले, गॅस कंपनीची माणसं आली, त्यांनी कुठून तरी लाइन बंद केली. त्यांच्यातला एक साहेब बघून म्हणाला की बिल्डिंग आधीच रिकामी कशी. शाहभाईंनी त्याला बाजूला घेऊन सगळी पद्धत समजावून सांगितली आणि शेवटी म्हणाले, आता तुम्ही सांगा. शपथेवर सांगते, असंच म्हणाले. तो साहेब बिचारा सांगायला लागला. मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही आलं, आणि रेश्माने मला पाणी दिलं.

तुझ्यामुळे आम्ही वाचलो असं मी म्हणणार नाही. कदाचित ठिणगी पडलीच नसती, कदाचित काहीच झालं नसतं. तूही असल्या खात्रीशीर बोलण्याला नाक मुरडलं असतंस. पण आम्ही घाबरून एकमेकांना तुडवत उतरलो नाही, ते तुझ्यामुळे. मला हायसं वाटतंय, शैला. तू गेल्यापासून पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतलाय. आणि तो नुसत्या गॅसमुळे नाही.

आता चौथ्याचं ऐक.

दादांची बाई औषधं आणायला बाहेर गेलेली. निरोप तिसऱ्यावरच्या दुसऱ्या घरातून आमच्या आधीच वर पोचला होता, आणि रेश्माने किल्लीने दार उघडून, पाचव्याला निरोप देऊन, खुर्ची पॅसेजमधून आत आणून चादरसुद्धा तयार ठेवली होती. दादा खिडकीपाशी पलंगावर बसलेले, डाव्या हाताने खिडकीचा गज धरून. मी सांगितलं, दादा, गॅस फुटलाय, खाली जायचंय, तुम्हाला खुर्चीत घेतो. त्यांनी मान हलवली. आम्ही तिघांनी उचलायला हात घातले, तर गज सोडेनात. नको, म्हणाले. मला वाटलं पडण्याची भीती वाटतेय. शाहभाईंनी बोटं सोडवायला बघितली. एकाच हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे, एक बोट हलेना.

मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "शैला," म्हणाले. आणि माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तिकडे.

ते हट्ट करत नव्हते गं. तू आत होतीस. तुला घेतल्याशिवाय ते निघणार नव्हते.

रेश्मा भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. खिडकीतून वास आत यायला लागला होता. शाहभाई माझ्या कानाशी पटकन म्हणाले की शैलाबेन पुढे उतरल्या, खाली थांबल्यात, असं सांगा ना, येतील लगेच. बरोबर होतं त्यांचं. आले असते. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मग खाली त्या झाडाखाली बसून त्यांनी एकेका माणसात तुला शोधलं असतं, आणि मी ते बघत उभी राहिले असते. आणि उद्या. आणि परवा.

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले. गजावरच्या हातावर माझा हात ठेवला. म्हटलं, "दादा, शैला नाही. शैला गेली. आम्ही आहोत, आम्ही नेतो तुम्हाला."

त्यांनी मान हलवली.

"मान नको," मी म्हटलं. "आता तुम्ही सांगा."

शाहभाई दारात थांबले होते, एक पाय आत एक बाहेर, पण एका शब्दाने घाई केली नाही त्यांनी. दादांचे ओठ हलले. नुसता श्वास आला. पुन्हा हलले.

"शैला," म्हणाले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते आधी आलं, शब्द नंतर. "शैला नाही."

मी हात काढला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रेश्माकडे, मग दारातल्या शाहभाईंकडे, एकेकाकडे नीट.

"तुम्ही," म्हणाले, "तुम्ही आहात."

आणि त्यांनी गज सोडला.